दिव्यापाशी आलेल्यांची मोजदाद

लंडनच्या उत्तरेला हार्पेंडेन गावाजवळ रॉथॅमस्टेड ही शेतीसंशोधन संस्था आहे. 1843 साली सुरू झालेली ही संस्था खतांच्या आणि गव्हाच्या दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध आहे. 1933 साली तिथल्या बार्नफील्ड नावाच्या शेताच्या कडेला सी. बी. विल्यम्स यांनी रात्री एक दिवा लावायला सुरुवात केली. विल्यम्स आदल्याच वर्षी संस्थेच्या कीटकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले होते. त्याआधी इजिप्तसारख्या देशांत त्यांनी काम केले होते आणि फुलपाखरांच्या स्थलांतरावर त्यांचा ग्रंथही निघाला होता. दिव्यावर पतंग येतात हे त्यांना नव्याने शोधायचे नव्हते. कोणत्या रात्री किती येतात, कोणत्या प्रहरी येतात, आणि हवा बदलली की तो आकडा कसा बदलतो, हे त्यांना हवे होते.

यासाठी त्यांनी केलेला प्रकाश सापळा आजही वाखाणावा असा आहे. वर अपारदर्शक छप्पर, छपराखाली बल्ब, बल्बभोवती काचा आणि खाली नरसाळे. रात्रीचे त्यांनी आठ समान भाग केले आणि प्रत्येक भागासाठी वेगळी बाटली नरसाळ्याखाली येईल अशी व्यवस्था केली. सकाळी आठ बाटल्या आठ वेळांचा हिशेब देत. तिन्हीसांजेला उडणारी जात वेगळी, मध्यरात्र उलटल्यावर बाहेर पडणारी वेगळी, हे त्यातून आकड्यांत दिसू लागले. पौर्णिमेच्या आसपास पकड घटते, उबदार, ढगाळ, वारा पडलेल्या रात्री ती वाढते, हे गावोगावच्या संग्राहकांना अनुभवाने ठाऊक होतेच. विल्यम्स यांनी ते मोजून दाखवले. त्यातून एक अडचण पुढे आली. एका रात्री आठ पतंग आणि दुसऱ्या रात्री आठशे आले, तर साधी सरासरी त्या एकाच मोठ्या रात्रीच्या मुठीत जाते. म्हणून त्यांनी आकड्यांचे लॉगरिदम घेऊन सरासरी काढायला सुरुवात केली. पुढे ही पद्धत कीटकशास्त्रात रुळली.

1933 ते 1936 या चार वर्षांत त्या एका दिव्यावर 15,609 मोठे पतंग आले आणि ते 240 जातींचे निघाले. त्यांतली एकच जात 2,349 वेळा आली होती, तर 35 जातींचा चार वर्षांत एकेकच पतंग मिळाला. थोड्या जाती विपुल आणि पुष्कळ जाती दुर्मीळ, हे चित्र विल्यम्स यांना खुणावत होते. त्याच सुमारास ए. एस. कॉर्बेट मलायातल्या फुलपाखरांच्या संग्रहात असेच काही पाहत होते. हे आकडे रोनाल्ड फिशर यांच्याकडे गेले. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत फिशर यांचे नाव अग्रणी, आणि रॉथॅमस्टेडमध्ये त्यांनी चौदा वर्षे काढलेली. तिघांचा शोधनिबंध 1943 साली प्रसिद्ध झाला. फिशर यांनी दाखवले की या गर्दीच्या मुळाशी एक साधी श्रेणी आहे आणि ती एका आकड्यात पकडता येते. बार्नफील्डच्या पतंगांसाठी तो आकडा सुमारे 40 आला. त्यावरून असे भाकीत करता येते की पकड दुप्पट झाली, म्हणजे आणखी पंधरा-सोळा हजार पतंग आले, तरी नव्या जाती 28च्या आसपासच मिळतील. पुन्हा दुप्पट केली तर पुन्हा तेवढ्याच. आज जगभरच्या जंगलांत झाडांची, कीटकांची विविधता मोजताना हाच आकडा ‘फिशरचा अल्फा’ म्हणून वापरतात, त्याच्या जन्मकथेत शेताच्या कडेचा हा दिवा आहे. गणिताचे एक सुंदर सूत्र पतंगांच्या मोजणीतून निघावे, ही मला विज्ञानाच्या इतिहासातली फार मोलाची घटना वाटते.

ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या जाती साठेक, पतंगांच्या सुमारे अडीच हजार. त्यांतल्या नऊशेच्या आसपास जातींना ‘मोठे पतंग’ म्हणतात आणि हौशी नोंदकर्त्यांचे बहुतेक लक्ष त्यांच्यावर असते. हौशी म्हणावे तर या माणसांची शिस्त प्रयोगशाळेची असते. घरामागच्या बागेत त्यांचा सापळा बऱ्याचदा रॉबिन्सन पद्धतीचा असतो: मोठा गोल टब, त्यावर नरसाळे, नरसाळ्याच्या तोंडाशी 125 वॅटचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा. हा दिवा 1950च्या सुमारास सापळ्यांत आला आणि पकड कैक पटींनी वाढली, कारण त्यातून अतिनील प्रकाश भरपूर बाहेर पडतो आणि पतंगांच्या डोळ्यांना तो नीट दिसतो. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर दिवा तडकतो, म्हणून वर एक छोटे झाकण हवेच. विजेची सोय नाही अशा रानात बॅटरीवर चालणारी सहा वॅटची नळी घेऊन जातात. जॉन हीथ यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेली ही घडीची पेटी पाठीवरच्या पिशवीत मावते. टबात काय घालतात? अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. आत पडलेला पतंग त्या खळग्यांत शिरून गप्प बसतो आणि पंख न फाटता सकाळपर्यंत राहतो. रॉथॅमस्टेडच्या सापळ्यात पतंग मरतात. बागेतल्या सापळ्यातले मात्र नोंद होताच सोडले जातात.

या कामाचा एक भरगच्च काळ म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचे पहिले दिवस. आपल्याकडे तेव्हा श्रावण-भाद्रपद चालू असतो, तिकडे उन्हाळा उताराला लागलेला असतो. जूनमध्ये दक्षिण इंग्लंडची रात्र इतकी तोकडी असते की दहाला अंधार पडेपर्यंत वाट पाहावी लागते आणि चारला उजाडू लागते. ऑगस्टअखेर सूर्य आठाच्या आधी मावळतो आणि सहानंतर उगवतो. रात्र लांबते, हवेत अजून ऊब असते, आणि बागेतले सापळे भरून वाहू लागतात.

सकाळी झाकण काढताना घाई करून चालत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीला गांधीलमाश्या आणि मोठ्या लालसर हॉर्नेट माश्याही रात्री दिव्यावर येतात आणि पहाटेच्या गारव्यात ट्रेच्या खालच्या बाजूला सुस्त बसलेल्या असतात. ट्रे उलटा धरताना बोट कुठे आहे याचे भान ठेवावे लागते. रॉबिन पक्ष्यालाही सापळ्याचे वेळापत्रक दोन-तीन दिवसांत पाठ होते. तो आसपासच्या कुंपणावर येऊन बसतो आणि दिव्याजवळच्या गवतात विसावलेले पतंग टिपतो. म्हणून अनुभवी माणूस आधी टबाबाहेरचे, भिंतीवरचे, गवतातले पतंग मोजतो आणि मग ट्रे एकेक करून उचलतो.

ट्रेत पहिल्यांदा हाती लागतो तो लार्ज यलो अंडरविंग. पुढचे पंख मातकट तपकिरी, ओळखीची खूण म्हणून दोन गडद ठिपके. डिवचला की पुढचे पंख सरकतात, खालचे गर्द पिवळे-नारिंगी पंख क्षणभर दिसतात, आणि तो ट्रेभर धडपडत सुटतो, शेजारच्यांनाही उठवतो. एका रात्रीत असे शेकडो येतात. यामागे त्याचे जीवनचक्र आहे. जून-जुलैत कोषातून बाहेर पडलेला हा पतंग ऐन उन्हाळ्यात काही काळ निपचित दडून राहतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा उडायला लागतो. ही जात 1979 साली कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात आढळली आणि तिथून पसरत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचली. नवख्याला त्याच्या गर्दीचा वैताग येतो आणि वहीत ‘पुष्कळ’ असे लिहून पुढे जाण्याचा मोह होतो. तो मोह आवरणे हेच या छंदाचे मर्म आहे. ‘पुष्कळ’ या शब्दाशी पुढच्या वर्षीची तुलना करता येत नाही, 212 या आकड्याशी करता येते.

बाकीच्या खळग्यांत वैविध्य असते. कॅनरी-शोल्डर्ड थॉर्नच्या पाठीवर पिवळीधमक लव असते आणि बसताना तो पंख अर्धवट उभे धरतो. बर्निश्ड ब्रासचे पंख चिंचेने घासून लख्ख केलेल्या पितळी तांब्यासारखे चकाकतात. त्या चकाकीत धातू नाही, पितळी रंगद्रव्यही नाही. पंखांवरच्या सूक्ष्म खवल्यांच्या रचनेवरून प्रकाश असा परावर्तित होतो की पितळेचा भास व्हावा. पतंग हलकेच कलता केला की तीच जागा हिरवट दिसते. जर्सी टायगर पूर्वी प्रामुख्याने डेव्हनच्या दक्षिण किनाऱ्यापुरता होता. 2004पासून तो लंडनमध्ये दिसू लागला आणि आता तिथल्या बागांत नेहमीचा झाला आहे. एखाद्या भाग्यवान सकाळी क्लिफडेन नॉनपॅरेल असतो: करड्या सालीच्या रंगाचा, तळहात व्यापेल एवढा, आणि मागच्या काळ्या पंखांवर फिकट निळ्या-जांभळ्या रंगाचा पट्टा. निसर्गात हा निळा विरळाच. विसाव्या शतकाच्या मध्यावर केंट आणि नॉरफोकमधल्या याच्या वसाहती संपल्या आणि ब्रिटनमध्ये तो फक्त पाहुणा उरला. एकविसाव्या शतकात तो दक्षिण इंग्लंडमध्ये पुन्हा वस्तीला आला. हे पुनरागमन कळले ते बागांतल्या सापळ्यांमुळे आणि ते चालवणाऱ्यांच्या वह्यांमुळे.

नोंदीत चार गोष्टी हव्यातच: काय, कुठे, कधी आणि कोणी पाहिले. त्यांच्या जोडीला संख्या आणि कोणता दिवा लावला होता हे असले की नोंदीचे मोल वाढते. काही जाती वरवर पाहून वेगळ्या करताच येत नाहीत, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिये तपासावी लागतात. ते जमणारे नसेल तर प्रामाणिक नोंदकर्ता जातींच्या गटाचे नाव लिहितो आणि थांबतो. दर परगण्याला नोंदी तपासणारा एक जाणकार असतो. कॉर्नवॉलमध्ये नेहमीची असलेली जात स्कॉटलंडच्या टोकाला लिहिलेली दिसली की तो फोटो मागतो. अशा गाळणीतून गेलेल्या अडीच कोटींहून अधिक नोंदींवर ब्रिटन आणि आयर्लंडच्या मोठ्या पतंगांचा नकाशासंग्रह 2019 साली निघाला. त्यात 893 जाती आहेत. एवढे काम पगारी माणसांकडून करून घ्यायचे तर कोणत्याही सरकारला ते परवडले नसते.

उन्हाळ्याच्या अखेरीला सापळ्यांत परदेशी पाहुणेही वाढतात. दक्षिणेकडून वारा वाहू लागला की किनाऱ्यावरचे नोंदकर्ते रात्री झोपत नाहीत. सिल्व्हर वाय हा पंखावर चंदेरी खूण असलेला छोटा पतंग दर वसंतात भूमध्य सागराच्या बाजूने येतो, ब्रिटनमध्ये पिढ्या वाढवतो आणि शरदात परत फिरतो. तो परत फिरतो की थंडीत मरून जातो, यावर फार काळ वाद होता. दक्षिण इंग्लंडमध्ये आकाशाकडे रोखलेल्या रडारच्या नोंदी आणि जमिनीवरच्या सापळ्यांचे आकडे एकत्र मांडल्यावर 2012 साली उत्तर मिळाले. वसंतात वर्षागणिक एक कोटी ते चोवीस कोटी सिल्व्हर वाय येतात, उन्हाळ्यात त्यांची संख्या सुमारे चौपट होते, आणि शरदात त्यांचे थवे शेकडो मीटर उंचीवरून, दक्षिणेकडे वाहणारा अनुकूल वारा निवडून निघून जातात. ग्रॅमच्या अंशाएवढ्या वजनाचा हा जीव वाऱ्याची दिशा ओळखतो आणि नको त्या रात्री उडायचे टाळतो.

या पाहुण्यांत एक असा आहे की त्याचे नाव ऐकून मराठी शेतकरी दचकेल. इंग्लंडमध्ये त्याला स्कार्स बॉर्डर्ड स्ट्रॉ म्हणतात. फिकट पेंढ्याच्या रंगाचा हा पतंग ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दक्षिण युरोपातून येतो. सापळ्यात तो सापडला की नोंदकर्ता आनंदाने फोटो काढतो. त्याचे शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. आपली हरभऱ्यावरची घाटेअळी, कपाशीवरची हिरवी बोंडअळी, तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी हीच. तिकडे जे दुर्मीळ पाहुण्याचे कौतुक, तेच विदर्भ-मराठवाड्यात फवारणीचे कारण. कॉन्व्हॉल्व्ह्युलस हॉकमॉथ हा लांब सोंडेचा, अंगावर गुलाबी पट्टे असलेला दणकट पतंगही दोन्हीकडचा. आपल्याकडे त्याची अळी रताळ्याच्या वेलावर वाढते, इंग्लंडमध्ये तो दक्षिणेकडून येऊन संध्याकाळी तंबाखूवर्गातल्या शोभेच्या फुलांवर तरंगत मध पितो.

पण मुळात पतंग दिव्याकडे येतात का? चंद्राच्या आधाराने दिशा ठरवणारा कीटक दिव्याला चंद्र समजून फसतो, असे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. 2024च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने वेगळेच दाखवले. उडत्या कीटकांचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले तेव्हा दिसले की ते दिव्याच्या दिशेने झेपावत नाहीत, दिव्याकडे पाठ करतात. लाखो वर्षे रात्रीचे आकाश हे जमिनीपेक्षा उजळ राहिले आहे. उजळ बाजूला पाठ ठेवली की आपण सुलटे उडतो, ही खूणगाठ त्यांच्या उड्डाणात पक्की बसली आहे. शेजारी दिवा लागला की ‘वर’ कुठे हेच चुकते. पाठ दिव्याकडे वळवता वळवता ते कलतात, घिरट्यांत अडकतात, दिव्याच्या थेट वर आले तर उलटे होऊन कोसळतात. त्यात ओढ नाही, दिशाभूल आहे. दिव्याभोवती जळून जाणाऱ्या पतंगाला प्रेमाचे प्रतीक करणाऱ्या आपल्या साऱ्या कल्पनांपेक्षा ही खरी गोष्ट मला अधिक हेलावून टाकते.

विल्यम्स यांच्या दिव्याकडे परत यायला हवे, कारण त्याचे मोठे काम पुढेच झाले. 1960 साली एल. आर. टेलर यांनी बार्नफील्डवर तसाच सापळा पुन्हा सुरू केला आणि 1968पासून देशभर त्याच बनावटीच्या सापळ्यांचे जाळे उभे राहिले. शाळा, वनविभागाची ठाणी, निवृत्तांच्या बागा, जिथे कोणी रोज सकाळी बाटली काढायला तयार होते तिथे. आज त्यांतले सुमारे 80 चालू आहेत. दिवा 200 वॅटचा, टंगस्टनच्या तारेचा, जुनाच. जास्त पकड देणारे दिवे केव्हाच उपलब्ध झाले, तरी मुद्दाम बदलला नाही. पकड थोडी असली तरी चालते, पण 1968ची आणि आजची रात्र एकाच मापाने मोजली गेली पाहिजे. पाऊस असो, थंडी असो, दिवा लागतो, आणि एकही पतंग आला नाही तर शून्य लिहिले जाते. त्या शून्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

या आकड्यांतून जे बाहेर आले ते वाईट होते. 2006 साली 337 नेहमीच्या जातींचा आढावा घेतला तेव्हा त्यांतल्या दोन तृतीयांश घटलेल्या आढळल्या. दुर्मीळ जाती धोक्यात असतात हे सगळ्यांना माहीत होते. ‘नेहमीच्या’ म्हणून ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते, त्याच विरळ होत चालल्या होत्या. 2021च्या अहवालानुसार 1968 ते 2017 या पन्नास वर्षांत ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या 33 टक्क्यांनी घटली, दक्षिणेत 39 टक्क्यांनी आणि उत्तरेत 22 टक्क्यांनी. गार्डन टायगर हा एकेकाळी इंग्लंडमधल्या मुलांच्या ओळखीचा पतंग होता. त्याची केसाळ काळी-तांबडी अळी मुले हातावर खेळवत. चाळीस वर्षांत तो 92 टक्क्यांनी घटला. सौम्य आणि ओले हिवाळे त्याच्या अळ्यांना सोसत नाहीत, हे सापळ्यांचे आकडे आणि हवामानाच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर उमगले. व्ही-मॉथ तर त्याच काळात 99 टक्क्यांनी गेला. शेतांची कुंपणे तोडली गेली, कुरणे नांगरली, कीटकनाशके वाढली, हवामान बदलले. कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत.

एक कारण मात्र दिव्याचेच आहे. 2021 साली दक्षिण इंग्लंडमधल्या रस्त्यांच्या कडेला केलेल्या अभ्यासात पथदिव्यांखालच्या कुंपणझुडपांत अळ्या 47 टक्क्यांनी कमी आढळल्या आणि गवतात 33 टक्क्यांनी. पांढऱ्या एलईडीचा परिणाम जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा जास्त होता. बागेतल्या सापळ्याचा दिवा पतंगांना रात्रभर धरून ठेवतो आणि सकाळी सोडतो. पथदिवा रोज जळतो.

आपल्याकडे प्रकाश सापळा हा शब्द शेतकऱ्यांना अनोळखी नाही. कपाशी, तूर, सोयाबीनच्या शेतात तो लावण्याची शिफारस कृषी विद्यापीठे करतात. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर पकडायलाही तो वापरतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट संस्थेने घाटेअळीचे पतंग मोजण्यासाठी वर्षानुवर्षे असे सापळे चालवले. शेतकरी घमेल्यातल्या पाण्यात पडलेल्यांतून आपल्या शत्रूपुरतेच पाहतो आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. दुसरीकडे जुलैच्या अखेरीस पतंग सप्ताहाच्या निमित्ताने सह्याद्रीत पांढरा पडदा आणि दिवा लावणाऱ्यांची संख्या वाढते आहे. चंद्रपतंग, अ‍ॅटलास पतंग यांचे फोटो भराभर निघतात. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांचे पहिले मोठे वर्णन जॉर्ज हॅम्पसन यांच्या 1892 ते 1896मध्ये निघालेल्या चार खंडांत झाले. निलगिरीत चहाचे मळे सांभाळत हॅम्पसन यांनी पतंग अभ्यासायला सुरुवात केली होती. माझ्या मते आपल्याला आता अ‍ॅटलासच्या आणखी एका फोटोपेक्षा एखाद्या शाळेच्या गच्चीवर, एकाच बल्बखाली, पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याच्या ठरलेल्या रात्री आलेल्या साध्या तपकिरी पतंगांची संख्या हवी आहे. नाव कळले नाही तर फोटोला क्रमांक द्यावा, नाव पुढे लागेल. बल्बचे वॅट मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, आणि बल्ब बदलला तर त्याची तारीखही.